गादीखालची पट्टी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या.

मित्राच्या मित्राला आलेला अनुभव वगैरे नाही हा. माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलीला, आमच्या ताईला आलेला आहे. आणि त्यातला एक तुकडा मी माझ्या या दोन कानांनी ऐकलाय.

आधीच सांगतो, यात अमावास्या नाही, ओसाड विहीर नाही. रात्रसुद्धा नाही.

रविवार होता. मार्च महिना. भर दुपार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये ताई एकटी बसली होती.

म्हणजे... तिला तरी तसंच वाटत होतं.

आता ताईचं काम थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हॉस्पिटलात काही पेशंटच्या गादीखाली एक चपटी पट्टी घालतात. तिला वजन कळतं. पेशंट कुशीवर वळला, उठून बसला, खाली उतरायला लागला की शेजारच्या मशीनवर दोन रेषा हलतात, एक डाव्या बाजूची, एक उजव्या. आणि 'टिक' असा बारीक आवाज येतो. पट्टी मशीनला केबलने जोडलेली असते. मशीनला तिची भाषा समजावी म्हणून एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो ताईने लिहिलेला. हा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या पार गाभ्यात, कर्नेलमध्ये बसतो. तिथे चूक झाली की सांभाळून घ्यायला वर कोणी नसतं.

पट्टी बनवली होती तिच्या लॅबमधल्या सोबत्याने. त्याला सगळे कासव म्हणायचे.

पाठीवर भली मोठी सॅक, आणि चालणं, बोलणं, जेवणं सगळं सावकाश. कासव शर्यत जिंकतं म्हणतात. हे कासव शर्यतीच्या दिवशीच उशिरा पोचायचं. पण हात असा की, त्याने जोडलेली तार कधी सुटली नाही.

चाचणीसाठी पट्टीवर कोणीतरी बसायला हवं. लॅबच्या कोपऱ्यात एक जुनी खुर्ची होती, तिच्या गादीखाली पट्टी असायची आणि गादीवर कासव. "मी या कंपनीचा जन्मठेपेचा पेशंट," असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. त्याला कंबरदुखी. एका जागी नीट बसणं त्याच्या नशिबात नव्हतं. उजवीकडे कलायचा, थोडा थांबायचा, मग हळूच डावीकडे. प्रत्येक वेळी मशीन 'टिक' करायचं आणि खुर्ची 'कर्र'.

टिक. कर्र. टिक. कर्र.

ताईने वर्षानुवर्षं या आवाजांकडे पाठ करून काम केलं.

त्यांची एक पद्धत होती. केबल काढायची वेळ आली की कासव स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टेबलावर दोनदा वाजवायचा. टक टक. म्हणजे, काढू का? ताईच्या कानाला हेडफोन असायचे, पण टेबलाचा थरथराट हाताला कळायचा. ती चालू असलेलं पट्टीचं वाचन थांबवायची आणि मागे न बघता म्हणायची, "काढ."

मगच तो केबल काढायचा. इतक्या वर्षांत न विचारता एकदाही नाही. संध्याकाळी घरी जातानाही तो तसंच तिच्या टेबलावर दोनदा वाजवायचा, आणि ती तशीच म्हणायची, "काढ." म्हणजे, सुट आता.

दोघंही एकटी. लोक काय काय बोलायचे. ताईला विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला काय उद्योग नाहीत का रे?"

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ताई मोठ्या कॉलवर होती. कासवाने तिला त्रास दिला नाही. टेबल न वाजवताच सॅक उचलून गेला.

बसस्टॉपवर पोचला, बस मात्र पकडता आली नाही. हृदय बंद पडलं.

ताईला हे ऑफिसच्या ग्रुपवरच्या मेसेजमधून कळलं. ती त्याच्या घरी गेली, तेव्हा दारातल्या एका बाईने विचारलं, "तुम्ही कोण?"

ताई म्हणाली, "ऑफिसातली."

एवढंच. रडायलासुद्धा नातं लागतं, आणि हिच्याकडे ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. खुर्ची तिथेच होती. कोणाला ती हलवायचं सुचलं नाही आणि ताईने सुचू दिलं नाही.

तर, मार्चमध्ये एका परक्या माणसाने कंपनीला कळवलं की तुमच्या ड्रायव्हरमध्ये मोठं भोक आहे. अशी भोकं शोधणं हाच त्याचा धंदा.

चूक अशी होती. लॉजमधला पाहुणा गेला, खोली दुसऱ्याला दिली, पण चहा देणाऱ्या पोऱ्याकडे जुनी किल्ली तशीच राहिली. तो रोज आत जातो, आत जो असेल त्याला जुना पाहुणाच समजतो आणि तो सांगेल ते करतो. इथेही तेच. वाचन चालू असताना केबल उपटली की ड्रायव्हर त्या पट्टीची मेमरी मोकळी करायचा, पण वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हातात जुना पत्ता तसाच राहायचा. मोकळ्या जागेत एखाद्या चोराने आपला माल भरला, तर कर्नेल त्याचंही ऐकणार. मग सगळं मशीनच त्याचं. हॉस्पिटलातलं मशीन, ज्याच्या भरवशावर रात्रपाळीची नर्स पेशंटकडे पाठ फिरवते.

इतकी वर्षं हे यांना कळलं कसं नाही?

कारण ही दोघं एकमेकांना विचारून केबल काढायची! वाचन थांबलं की मगच. न विचारता उपटली तर काय होईल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नाही. नर्स विचारते का? तिच्या मागे दहा कामं. ती ओढते आणि पुढच्या खाटेकडे जाते.

"सोमवारी सकाळी दुरुस्ती हॉस्पिटलांना गेलीच पाहिजे," मॅनेजर म्हणाला. म्हणून रविवार.

मी ताईला त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. ती म्हणाली, "दोनपर्यंत येते."

आधी चूक समोर घडवून बघायला हवी. ताईने खुर्चीवर कागदाचे दोन गठ्ठे ठेवले, वाचन सुरू केलं, आणि न विचारता केबल उपटली. त्या लॅबमध्ये पहिल्यांदाच कोणी तसं केलं.

रेषा गेल्या नाहीत. होत्या तिथेच सरळ पडून राहिल्या. मोकळ्या झालेल्या जागेतलं शिळं वजन मशीन अजून वाचत होतं.

"सापडलीस," ताई म्हणाली. चूक सापडली की तिला कैरी पाडल्यासारखा आनंद होतो. ती पाणी प्यायला वळली.

टिक...

ताई थांबली.

उजवी रेषा वर गेली होती. कागदाच्या गठ्ठ्यांचं ते वजन किती... त्याच्या कितीतरी वर.

केबलचं टोक टेबलावर पडलेलं. कशालाच न जोडलेलं.

टिक...

आता डावी.

ताई घाबरट नाही. तिने स्वतःला समजावलं, मोकळ्या जागेत दुसरा काहीतरी डेटा आला असेल, तोच वजन म्हणून दिसतोय. हीच तर ती चूक. तिने मशीनला जोडलेलं बाकी सगळं काढलं. नेटवर्क बंद केलं. कर्नेलमध्ये अशा चुका पकडायची एक सोय असते, मोकळी झालेली जागा ठरावीक कचऱ्याने भरून टाकायची, म्हणजे कोणी आत पाय ठेवला की लगेच बोंब होते. तिने ती चालू केली. मशीन बंद करून पुन्हा लावलं. खुर्चीवरचे गठ्ठे उचलून खाली ठेवले.

पट्टी जोडली. शून्य. वाचन सुरू केलं. शून्य.

केबल उपटली.

आता एकतर कचरा दिसायला हवा, नाहीतर मशीनने बोंब मारायला हवी.

काहीच झालं नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मग...

टिक.

उजवीकडे. थोडं थांबून, हळूच... डावीकडे.

टिक.

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. वजनामुळे नाही. एका साध्या गोष्टीमुळे.

खुर्ची वाजत नव्हती.

टिक होतं, पण कर्र नव्हतं. ज्या खुर्चीने इतकी वर्षं डोकं उठवलं, ती गप्प बसली होती. गादी फुगलेली. वर कोणी नाही. आणि पडद्यावर कोणीतरी कंबर दुखत असल्यासारखं कलत होतं. या बाजूला. मग त्या बाजूला.

मी तिला नंतर विचारलं, "भीती नाही वाटली?"

ती म्हणाली, "पहिल्यांदा वाटली. मग बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची जास्त भीती वाटली."

खरं तर तेव्हाच उठून यायला हवं होतं तिने. पण आमची ताई! तिने आपली खुर्ची वळवली. इतकी वर्षं पाठ करून बसली होती, त्या दुपारी पहिल्यांदा तोंड करून बसली.

आणि बोलत बसली.

कपाटाचं कुलूप बदललं, नवीन मुलगा तारा वाईट जोडतो, कॉफीचं मशीन शेवटी दुरुस्त झालं, असलंच काहीबाही. मग म्हणाली, "तुझ्या घरी मला विचारलं, तुम्ही कोण. मला उत्तर आलं नाही रे."

टिक बंद झालं.

रेषा दोन्हीकडे सारख्या. कोणीतरी न हलता ऐकत असल्यासारख्या...

दोन वाजून गेले. मी फोन केला, तिने उचलला नाही. बाहेरचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून भिंतीवर गेलं. दुरुस्तीचा एक शब्द तिने लिहिला नव्हता. दुरुस्ती केली की ही मोकळी जागा बंद होणार, आणि तिच्यात जे कोणी बसलंय ते जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. न केली तर उद्या कुठल्यातरी वॉर्डात एखादं मशीन खोटं बोलणार, आणि एखादा म्हातारा खाटेवरून पडेल तेव्हा ते गप्प बसणार.

"मी काय करू सांग," ती म्हणाली.

टिक.

एवढ्यावरून काय समजायचं? पण ती उठली, डोळे पुसले आणि कीबोर्डकडे वळली. सवयीने त्याच्याकडे पाठ करून.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. केबल निघाली तरी जागा लगेच मोकळी करायची नाही. ज्याच्या ज्याच्या हातात पत्ता आहे, त्या प्रत्येकाने तो सोडेपर्यंत थांबायचं. शेवटच्याने सोडला की मगच. ताईने लिहिलं, दोनदा तपासलं आणि नवा ड्रायव्हर चढवला. पट्टी जोडली, वाचन सुरू केलं. एक मोठा श्वास घेऊन केबल उपटली.

ताबडतोब वाचन थांबून 'पट्टी काढली' असा संदेश यायला हवा.

आला नाही.

मशीन थांबून राहिलं. कोणीतरी अजून धरून ठेवलं होतं.

ताईने आपल्या बाजूचा प्रत्येक प्रोग्राम बंद केला. स्वतः लिहिलेली ओळ न् ओळ पुन्हा वाचली. चूक नव्हती. तिच्या बाजूने सगळं सुटलं होतं. तरी एकाने सोडलं नव्हतं.

तेवढ्यात मी पुन्हा फोन केला. या वेळी तिने उचलला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"ताई, अगं जेवण गार होऊन दगड झालं. येतेस ना?"

पलीकडून फक्त पंखा ऐकू येत होता.

आणि मग मी ऐकलं. शपथेवर सांगतो.

टक... टक.

लाकडावर. फोनच्या अगदी जवळ. दमाने, घाई नसलेल्या माणसाने वाजवावं तसं.

"कोण आहे गं सोबत?" मी विचारलं.

नुसता तिचा श्वास, अडकत अडकत येणारा.

टक... टक.

"ताई?"

आता मला माहीत आहे काय चाललं होतं ते. नोव्हेंबरात तो न विचारता गेला होता. आता विचारत होता. आणि माझी ताई, जिने हा शब्द हजार वेळा मागे न बघता फेकला होता, तिच्या तोंडून तो निघेना.

किती वेळ गेला कोण जाणे. मी फोन कानाला लावून भाजीच्या पातेल्यासमोर उभा होतो.

मग तिचा आवाज आला. इतका हळू, की मला वाटलं ती झोपेत बोलतेय.

"काढ."

आणि त्यानंतर...

कर्र.

खुर्चीवरून कोणीतरी सावकाश उठल्यावर होतं तसं. लांब. शेवटपर्यंत.

फोन चालूच होता. पलीकडे ताई रडत होती. चार महिन्यांचं एकदम.

ती माझ्याकडे पोचली तेव्हा अंधार पडला होता. जेवली, ताट उचलून ठेवलं. हे सगळं तिने मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. तिने एवढंच बघितलं होतं की, तिने 'काढ' म्हटल्यावर मशीनवर 'पट्टी काढली' आलं आणि रेषा गेल्या. मागे वळून मात्र तिने बघितलं नाही.

सोमवारी दुरुस्ती गेली. भोक बुजलं. त्या परक्या माणसानेसुद्धा शाबासकी दिली. गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

उन्हाळ्यात एका हॉस्पिटलातल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, बाकी सगळं छान आहे. पण कधीकधी पट्टी काढताना मशीन अडून राहतं."

"कधी?" ताईने विचारलं.

सिस्टरने आवाज खाली आणला. "पेशंट गेला की. सगळ्यांच्या वेळी नाही. काहींच्याच."

मॅनेजर म्हणाला, त्यात काय, थोडा वेळ वाट बघायची आणि जबरदस्तीने मोकळं करायचं, दोन ओळींचं तर काम आहे. ताई कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. म्हणाली, "जबरदस्तीने मोकळं करणं हीच तर पहिली चूक होती. ज्याने धरलंय त्याने सोडल्याशिवाय नाही म्हणजे नाही." तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर होती, त्यामुळे त्याला गप्प बसावं लागलं.

मग तिने दार लावून सिस्टरला फोन केला. भीत भीतच म्हणाली, "सिस्टर, हसू नका. तुम्ही एकदा नुसतं 'काढ' म्हणून बघा."

सिस्टर हसली नाही.

"ते आम्ही कधीच सुरू केलंय, मॅडम," ती म्हणाली. "खाटेच्या दांड्यावर वाजतं ना, तेव्हाच. आम्ही 'या हं' म्हणतो. बहुतेक वेळा भागतं. कधी नाही भागत. मग घरच्यांनाच म्हणावं लागतं."

ताईने तिला दांड्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

हे सगळं आज का लिहितोय?

गेला आठवडाभर माझी आई वॉर्डात आहे. कोपऱ्यातली खाट. गादीखाली तीच पट्टी, शेजारी तेच मशीन. आई फार हलत नाही. अधूनमधून टिक होतं आणि मला बरं वाटतं.

काल दुपारी ती झोपली होती. दोन्ही हात पांघरुणात. मी स्टुलावर बसून तिची औषधं लावत होतो. वॉर्डात सामसूम...

खाटेच्या दांड्यावर वाजलं.

टक... टक.

मी तिथल्या सिस्टरकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून आपलं काम करत राहिली.

मी बाहेर जाऊन ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घाई करू नकोस. तो पण थांबला होता माझ्यासाठी. ते थांबतात रे."

आज सकाळपासून तीनदा वाजलंय.

मी आईचा हात धरून बसलोय. अजून काही बोललेलो नाही.